आपोआप उघडणाऱ्या पानापासून सुरुवात करू नका

मुंबईच्या एका उपनगरातल्या वाचनालयात मी सोळा वर्षं काउंटरवर बसते आहे. कोण कुठलं पुस्तक नेतं, यापेक्षा ते कसं नेतं हे मला आता जास्त कळतं. लहानपणी झालेल्या अत्याचाराबद्दलचं आत्मकथन काउंटरवर कधी एकटं येत नाही. वर एखादी रहस्यकथा, खाली दिवाळी अंक आणि मधे ते. नेणारा माणूस कार्ड पुढे सरकवतो आणि वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघत राहतो. मीही शिक्का मारते, "पंधरा दिवस" म्हणते आणि विषय तिथेच संपतो.

परत आलेलं पुस्तक मात्र बरंच काही सांगतं. या पुस्तकांची एक खोड आहे. टेबलावर उताणं ठेवलं की ते आपोआप एका ठरावीक पानावर उघडतं. शिलाई तिथे सैल झालेली असते, कडा बोटांनी मळलेल्या असतात. पान कुठलं ते सांगायला नको. आधीची चाळीस पानं बऱ्यापैकी स्वच्छ, नंतरची दीडशे त्याहून स्वच्छ. बहुतेकांनी 'ते' शोधलेलं असतं, वाचलेलं असतं आणि पुस्तक मिटलेलं असतं.

त्यांना मी दोष देत नाही. पहिल्यांदा मीही तेच केलं होतं. पण गेल्या काही वर्षांत यातली बरीच पुस्तकं सलग वाचून काढली, शनिवारच्या आमच्या वाचनकट्ट्यावर त्यांच्याबद्दल बोलले, आणि लक्षात आलं की ते मळलेलं पान पुस्तकातलं सगळ्यात कमी सांगणारं पान असतं. सांगण्यासारखं असतं ते त्याच्या आधी आणि नंतर. नव्याने या पुस्तकांकडे वळणाऱ्यांसाठी हे टिपण म्हणूनच लिहिते आहे.

आधी, वाचणारे तुम्ही कोण?

पुस्तक निवडण्याच्या आधी हे स्वतःशी स्पष्ट करून घ्या, कारण वाचायची रीत त्यावर ठरते.

तुम्ही स्वतः यातून गेलेले असाल, तर पहिली गोष्ट म्हणजे हे वाचायलाच हवं असं कुणावरही बंधन नाही. 'वाचून मोकळं वाटेल' असं कुणी सांगितलं असेल तर ते अर्धंच खरं आहे. काहींना वाटतं. काहींची आठवडाभर झोप जाते. वाचायचं ठरवलंत तर तुम्ही हे वाचताय हे निदान एका विश्वासाच्या माणसाला ठाऊक असू द्या. कारण सांगायची गरज नाही, 'जरा जड पुस्तक वाचतेय' एवढं पुरे. घरात लग्न, आजारपण, परीक्षा असं काही चालू असेल तर पुस्तक महिनाभर थांबू शकतं. मुदत वाढवून मिळते.

जवळच्या कुणीतरी तुम्हाला काही सांगितलं असेल आणि समजून घ्यायला म्हणून वाचत असाल, तर जरूर वाचा. फक्त वाचून झाल्यावर ते पुस्तक त्या व्यक्तीच्या हातात देऊन "हे वाच, अगदी तुझ्यासारखंच आहे" असं म्हणू नका. ते कधीही तिच्यासारखं नसतं.

पालक आणि शिक्षक बहुधा घाबरून वाचतात आणि पानोपानी लक्षणं शोधतात. त्यांना एवढंच सांगेन की पुस्तक हे तपासणीचा तक्ता नव्हे. आणि नुसत्या कुतूहलाने वाचणाऱ्यांनी लाजायचं कारण नाही. वाचनाची सुरुवात तिथूनच होते, फक्त ती त्या एका पानावर संपू नये.

आपल्या ओळखीत असं कुणी नाही, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक आकडा. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाचा २००७ सालचा अहवाल आहे. १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून तो तयार केला होता आणि महाराष्ट्र त्यात होता. सौम्य-गंभीर सगळे प्रकार धरून ५३.२२ टक्के मुलांनी लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं, आणि त्यात मुलगे मुलींपेक्षा किंचित जास्तच होते. लोकलच्या एका बाकावर आपण चौघं बसतो. हिशेब ज्याचा त्याने करावा.

पहिलं पुस्तक कोणतं घ्यावं

कव्हर बघून तर मुळीच घेऊ नका. इंग्लंडमध्ये २००० नंतरच्या दशकात अशा आठवणींची लाटच आली होती. दुकानांनी त्यांच्यासाठी वेगळे कप्पे केले होते. पांढरं कव्हर, त्यावर मोठाल्या डोळ्यांचं रडवेलं मूल आणि शीर्षकात एखादी केविलवाणी विनवणी, असा ठरलेला साचा. फोर्टात फाउंटनच्या फुटपाथवर ती अजून अधूनमधून दिसतात. सगळीच वाईट नाहीत, पण कित्येक त्या एका पानाभोवतीच रचलेली असतात. पहिल्या वाचनाला ती नकोत.

माझा नियम साधा आहे. ज्या पुस्तकात आयुष्य मोठं आहे आणि अत्याचार हा त्यातला एक भाग आहे, ते आधी घ्यावं. उदाहरणार्थ, माया अँजेलो यांचं १९६९ साली आलेलं आत्मचरित्र, पिंजऱ्यातल्या पक्ष्याच्या गाण्याचं नाव असलेलं, 'आय नो व्हाय द केज्ड बर्ड सिंग्ज'. आठ वर्षांची असताना आईच्या मित्राने तिच्यावर बलात्कार केला. पुस्तकात हा भाग थोडक्या पानांत येतो. पण कोर्टात तिला विचारतात, याआधी त्याने कधी हात लावला होता का? खरं उत्तर 'हो' असतं, आणि घरचे काय म्हणतील या भीतीने ती 'नाही' म्हणते. पुढे त्या माणसाचा खून होतो. आपल्या बोलण्यानेच तो मेला अशी तिची समजूत होते आणि ती जवळजवळ पाच वर्षं बोलणं टाकते. तिला पुन्हा बोलतं करते ती गावातली एक बाई. घरी बोलावून, सरबत-बिस्किटं देऊन, पुस्तकं मोठ्याने वाचून दाखवून. मी कट्ट्यावर हे पुस्तक लावते ते या बाईसाठी.

मराठीत वाचायचं असेल तर लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचं 'मी हिजडा, मी लक्ष्मी' घेता येईल. ठाण्यात वाढलेल्या मुलाची ती गोष्ट आहे आणि लहानपणी नातलगांतच झालेल्या लैंगिक अत्याचाराबद्दल त्यात उघड सांगितलं आहे. शब्दांकन वैशाली रोडे यांचं आहे. म्हणजे एकीने सांगितलं आणि दुसरीने लिहिलं, हे ध्यानात ठेवून वाचावं. किशोर शांताबाई काळे यांचं 'कोल्हाट्याचं पोर' १९९४ सालचं. तमाशात नाचणाऱ्या आईचा मुलगा, नातलगांच्या घरात कष्ट आणि मार खात वाढतो, शिकतो, डॉक्टर होतो. बेबी हालदार यांचं 'आलो आँधारि' मूळ बंगालीत लिहिलेलं, पण २००२ साली आधी हिंदीत छापलं गेलं. आई घर सोडून गेली, बाप तापट, बाराव्या वर्षी लग्न. पुढे घरकाम करता करता त्यांनी हे वह्यांमध्ये लिहून काढलं. हिंदी येत असेल तर सरळ हिंदीत वाचा.

पिंकी विराणी यांचं 'बिटर चॉकलेट' लोक पहिल्यांदा मागतात, कारण नाव ऐकलेलं असतं. मुंबईच्या या पत्रकार बाईंनी २००० साली ते इंग्रजीत लिहिलं आणि त्यात स्वतःच्या लहानपणाबद्दलही सांगितलं. पण ते आत्मकथन नाही. देशभरातल्या प्रकरणांचं पुस्तक आहे ते, आणि वाचायला फार कठीण. तिसरं किंवा चौथं म्हणून ठेवा.

एक जपून सांगायची गोष्ट. १९७८ च्या 'बलुतं'पासून पुढची दलित आणि भटक्या-विमुक्तांची आत्मकथनं काही वाचक याच कप्प्यात टाकतात, कारण त्यांतही मुलं मार खातात, उपाशी झोपतात. पण तिथे घर मुलाला मारतं तेव्हा त्या घरालाही बाहेरून कुणीतरी मारत असतं. तिथली भूक ही आईबापांची हेळसांड समजून वाचलीत, तर पुस्तक उलटं धरून वाचल्यासारखं होईल.

शब्दांकडे नीट बघा

हा भाग मी जरा ताणून सांगणार आहे, कारण मराठीत वाचणाऱ्याची खरी गोची इथेच होते.

आपल्याकडे या विषयाचे शब्द पोलीस ठाण्यातून आणि वर्तमानपत्रांतून आलेत. अतिप्रसंग. विनयभंग. अब्रू लुटली. शेवटच्या शब्दात तर गेलेली वस्तू मुलीची आणि लाजही मुलीचीच. जुन्या अनुवादांत हे शब्द सर्रास भेटतात. मूळ लेखिकेने साधं 'त्याने मला हात लावला' लिहिलेलं असतं आणि मराठीत तिचा 'विनयभंग' झालेला असतो. सात वर्षांच्या मुलीला विनय कुठला? असा शब्द दिसला की थांबा आणि मनात त्याच्या जागी साधं वाक्य ठेवून बघा. दृश्य बदलतं.

दुसरा शब्द 'नराधम'. बातमीत तो छान बसतो. पुस्तकात मात्र तो माणूस लोणावळ्याहून आठवणीने चिक्की आणणारा मामा असतो, शिकवणीचे पैसे न घेणारा शेजारचा दादा असतो, गणपतीत सगळ्यांच्या आधी आरतीला उभा राहणारा काका असतो. नराधम शोधायला निघालेल्या वाचकाला हा मामा दिसतच नाही. पुस्तकातल्या आईलाही तो म्हणूनच दिसलेला नसतो.

आणि मुलं स्वतः काय म्हणतात? ती 'अत्याचार' म्हणत नाहीत. "मला त्यांच्याकडे नाही जायचं." "ते काका मला आवडत नाहीत." "पोटात दुखतंय." माझ्याकडच्या एका पुस्तकात, त्या आपोआप उघडणाऱ्या पानाच्या समासात, कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं, 'मग आईला का नाही सांगितलं?' त्याच्या खाली वेगळ्या, बारीक अक्षरात उत्तर होतं, 'सांगितलं होतं. पान ३१ बघा.' मी पान ३१ काढलं. तिथे मुलगी म्हणते, आज शिकवणीला नको ना पाठवूस, पोट दुखतंय. आई तिला चिमूटभर ओवा देते आणि पाठवते.

ते पुस्तक मी दोनदा वाचलं होतं. ओव्याची ओळ मला आठवतसुद्धा नव्हती.

माराच्या बाबतीत घोळ आणखी निराळा आहे. 'छडी लागे छमछम' म्हणतच आपण मोठे झालो. १९३५ च्या 'श्यामची आई'त पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला आई मारून विहिरीवर पाठवते, आणि ते वाचताना आपले डोळे भरतात ते आईच्या मायेने. यात मला काही उणं काढायचं नाही. पण तोच चष्मा लावून मारहाणीचं आत्मकथन वाचलं की तोंडून निघतं, "मार तर आम्हीही खाल्ला, आमचं काय बिघडलं?" कट्ट्यावर हे वाक्य दर वेळी येतं, बहुधा पुरुषांकडून. मी वाद घालत नाही. एवढंच विचारते की श्यामला मार का बसला ते ठाऊक होतं, या पुस्तकातल्या पोराला ठाऊक आहे का? केव्हा बसेल हे आधी कळतं का? आणि मारून झाल्यावर कुणाचे डोळे भरतात?

कुठे आणि केव्हा वाचावं

दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं, त्यात टीव्ही चालू. तिथे हे पुस्तक उघडलं की "काय वाचतेस गं?" हा प्रश्न आलाच. मुंबईत या पुस्तकांची पहिली अडचण मनाची नसते, जागेची असते.

वाचनालयात बसून वाचा, हे मी सांगणारच, ती माझी रोजीरोटी आहे. पण खरंच, तिथे मान वर करून कुणी विचारत नाही. दादरला १८९८ सालचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, पार्ल्याला १९२३ मध्ये स्थापन झालेला लोकमान्य सेवा संघ आहे, आणि जवळपास प्रत्येक उपनगरात एखादं लहान-मोठं सार्वजनिक वाचनालय आहे. पत्त्याचा पुरावा, थोडी अनामत आणि वर्गणी, एवढ्यावर सभासद होता येतं. पुस्तक घरी न्यायचं नसेल तर काउंटरवर ठेवून जा म्हणून सांगा. आम्ही चिठ्ठी लावून बाजूला ठेवतो.

लोकलबद्दल माझं मत बदललं आहे. आधी मी नको म्हणायचे. आता वाटतं, बसायला जागा मिळत असेल तर गाडी वाईट नाही, कारण तिथे वाचनाला शेवट असतो. घरी तुम्ही रात्री दोनपर्यंत वाचत बसाल, गाडीत तुमचं स्टेशन येतंच. दोन पथ्यं पाळा. पुस्तकाला कालनिर्णयाच्या जुन्या पानाचं कव्हर घाला. शेजारची बाई खांद्यावरून वाचते, आणि आपण पान उलटायच्या आधी तिचं वाचून झालेलं असतं. दुसरं, तुमच्या स्टेशनाच्या दोन स्टेशनं आधी पुस्तक पिशवीत टाका. त्या प्रकरणातून उठून थेट दादरच्या पुलावरच्या गर्दीत शिरू नका. गर्दीतला एखादा धक्कासुद्धा त्या दिवशी नेहमीसारखा लागत नाही.

झोपण्यापूर्वी वाचू नका. एका बैठकीत संपवायचा हट्ट नको. वीस-पंचवीस पानं पुष्कळ झाली.

वाचताना: कागदावर घर काढा

माझी पद्धत शाळकरी आहे, पण ती कामाला येते. एक कोरा कागद पुस्तकात ठेवायचा. सुरुवातीच्या प्रकरणांतून त्या मुलाच्या घराचा नकाशा काढायचा. खोल्या किती, कोण कुठे झोपतं, दार कुठल्या बाजूला, कडी आतून आहे की बाहेरून. मग माणसं लिहायची. प्रत्येकापुढे तीन खुणा करायला जागा ठेवायची. पाहिलं का, ऐकलं का, विश्वास ठेवला का.

शंभराव्या पानापर्यंत तो कागद भरलेला असतो, आणि आपण ज्यांना गौण समजून पुढे गेलो असतो ती माणसं मोठी होऊ लागतात. संध्याकाळी अचानक दार वाजवून 'साखर आहे का' विचारणारी शेजारीण. ती खरंच साखरेला आली होती का? मूल अभ्यासात एकाएकी मागे पडलं म्हणून त्याला उठाबशा काढायला लावणारे मास्तर. सगळं जाणून गप्प बसलेली आजी, आणि ती का गप्प बसली त्याचा एका ओळीतला इशारा. अत्याचार करणाऱ्याची ओळ त्या कागदावर सगळ्यात आखूड भरते. तसा तो फार रंजक माणूस नसतो.

त्यासाठी पुस्तक पहिल्या पानापासून वाचावं लागतं. लेखकाचं मनोगतही सोडू नका. नावं बदलली आहेत का, लिहिताना वय काय होतं, अत्याचार करणारा तेव्हा जिवंत होता का, घरच्यांनी वाचलं का, हे बहुतेक वेळा तिथेच सापडतं. वीस वर्षांचा असताना लिहिणारा आणि पन्नाशीत लिहिणारा एकच प्रसंग वेगळा सांगतात.

आणि ते पान? आलं की वाचा, नाही वाचवलं तर उलटा. कुणी परीक्षा घेणार नाही. मी एका पुस्तकातलं पूर्ण प्रकरण आजवर वाचलेलं नाही, आणि त्या पुस्तकावर तासभर बोलू शकते.

अंग बोलू लागलं तर

एकच ओळ तिसऱ्यांदा वाचताय, हात गार पडलेत, घसा कोरडा, आपण खोलीत असूनही नसल्यासारखं वाटतंय. पुस्तक बंद करा. धीट व्हायची ही जागा नाही. पाय जमिनीवर टेकवा, गार पाणी प्या, आजूबाजूच्या पाच वस्तूंची नावं घ्या. आमच्या कट्ट्यावरचे एक गृहस्थ चर्चगेटपासून स्टेशनं म्हणतात. मरीन लाइन्स, चर्नी रोड, ग्रँट रोड, मुंबई सेंट्रल. बांद्र्यापर्यंत ते ठीक होतात. स्वतःचं काही जुनं वर आलं असेल तर त्या दिवशी त्याचा छडा लावत बसू नका. जेवा, कुणाशी तरी भाजीच्या भावाबद्दल बोला.

दोन-चार दिवसांतही झोप जागेवर आली नाही, चित्रं पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येत राहिली, तर पुस्तक बाजूला ठेवून माणसाशी बोला. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ वर फुकट आहे, चोवीस तास आणि मराठीतही. टाटा समाजविज्ञान संस्थेची आयकॉल ही समुपदेशनाची सेवा मुंबईतूनच चालते. केईएम, सायन, नायर या पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी आहे. रांग मोठी असते, पण केसपेपरचा खर्च खिशाला जड नाही. जीव नकोसा वाटू लागला तर मात्र रांगेची वाट बघू नका, त्याच क्षणी १४४१६ लावा किंवा कुणाला तरी सोबत घेऊन जवळच्या रुग्णालयात जा.

हे सगळं खरं असेल का?

प्रश्न येतोच, तेव्हा थोडक्यात. १९९५ साली बिन्यामिन विल्कोमिर्स्की या नावाने छळछावणीतल्या बालपणाच्या आठवणी जर्मनमध्ये आल्या, गाजल्या, बक्षिसं मिळाली. १९९८ मध्ये एका स्विस पत्रकाराने उघड केलं की लेखक कधी छावणीत नव्हताच. तो स्वित्झर्लंडमध्येच जन्मलेला, दत्तक गेलेला मुलगा होता. तेव्हा खोटी पुस्तकं असतात. पण एक खोटं निघालं म्हणून पुढच्या प्रत्येक लेखकाची उलटतपासणी घेत वाचणं, हे त्या पान ३१ वरच्या आईच्या पुढचं पाऊल झालं. तारखा चुकतात, भिंतीचा रंग चुकतो, भावंडांना तेच घर वेगळं आठवतं. धास्तावलेल्या मुलाची आठवण तुकड्यांतच असते. त्याला दाराची कडी लख्ख आठवते आणि साल आठवत नाही. माझ्या दृष्टीने कडी पुरेशी आहे.

वाचून झाल्यावर कुणी बोलू लागलं तर

हे होणारच, याची तयारी ठेवा. असं पुस्तक हातात दिसलं की माणसं तुम्हाला हेरून ठेवतात. कुणी पुस्तकाबद्दल विचारतं, कुणी "आमच्या शेजारी अशी एक मुलगी होती" अशी सुरुवात करतं. शेजारच्या मुलीची गोष्ट शेजारच्या मुलीचीच राहू द्या. "ती तूच का?" असं विचारू नका.

मोठं माणूस स्वतःचं सांगत असेल तर ऐका. "केव्हा? कुठे? मग ओरडली का नाहीस?" हे प्रश्न गिळून टाका. "सांगितलंस ते बरं केलंस, तुझी काही चूक नव्हती" एवढ्यावर पुष्कळ वेळ जातो. पुढे काय करायचं, तक्रार करायची की नाही, घरी सांगायचं की नाही, हे त्या माणसाने ठरवायचं. पुरुष सांगतात तेव्हा हसण्यावारी नेत सांगतात, तेव्हा तुम्ही हसू नका. मुंबईचे हरीश अय्यर १३ मे २०१२ रोजी 'सत्यमेव जयते'मध्ये आपल्या लहानपणाबद्दल बोलले, त्यानंतरच्या आठवड्यात आमच्याकडे दोन पुरुष सभासदांनी 'या विषयावरचं काही' मागितलं होतं. दोघांनीही 'मित्रासाठी' म्हणून.

सांगणारं मूल अठरा वर्षांखालचं असेल तर गोष्ट वेगळी. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन त्याला देऊ नका. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू असलेल्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा झाल्याचं कळलं की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, तुम्ही शेजारी असा की शिक्षक. हा कायदा मुलगा-मुलगी भेद करत नाही. पोलीस ठाण्याची भीती वाटत असेल तर आधी १०९८ लावा. मुलांसाठीची ही हेल्पलाइन १९९६ मध्ये आपल्या मुंबईतच सुरू झाली. संशयिताला जाऊन स्वतः जाब विचारू नका, त्याने मूल आणखी अडकतं. आणि मुलाचं नाव, शाळा, फोटो सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. हेतू कितीही चांगला असला तरी ओळख उघड करणं हा गुन्हा आहे.

वाचनगटात असं पुस्तक घ्यायचं असेल तर आठवडाभर आधी विषय सांगा, म्हणजे ज्यांना यायचं नाही ते कारण न देता राहू शकतात. मोठ्याने वाचायचा उतारा आधीच ठरवा, आणि तो त्या मळलेल्या पानावरचा नसावा. गोल बसवून "आता प्रत्येकाने आपला अनुभव सांगा" असं तर कधीही करू नका. मी एकदा एका दुसऱ्या गटात पाहुणी म्हणून गेले असताना ते पाहिलं आहे. तिसऱ्या खुर्चीवरची मुलगी पाणी प्यायला म्हणून उठली, ती परत आली नाही.

आणि कार्यक्रमानंतर अर्धा तास मोकळा ठेवा. हे मला उशिरा कळलं. चर्चेत हूं की चूं न करणारी माणसं खुर्च्या घडी करताना बोलतात, कारण तेव्हा हातांना काम असतं आणि कुणी कुणाकडे बघत नसतं. गेल्या वर्षी सत्तरीच्या एक काकू, कधी नव्हे त्या मागे राहिल्या. सहा खुर्च्या घडी करून भिंतीला लावल्या आणि सातवी उघडीच ठेवून म्हणाल्या, "ते ओव्याचं खरं आहे हो. मलाही ओवाच द्यायची आई." एवढ्यात शिपाई किल्ल्या वाजवत आला, आठ वाजले होते, आणि काकूंनी सातवीही घडी केली.

दुसऱ्या दिवशी मी समितीकडे अर्ज केला. आता शनिवारी हॉलची किल्ली माझ्याकडे असते.